फळीवर अडकलेला पैसा: खरेदी घटली की न विकलेल्या मालाचे काय होते

ग्राहकांची खरेदी वीस टक्क्यांनी घटली, तर माल तयार करणाऱ्याचे कामही वीस टक्क्यांनीच घटेल, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते काम काही महिन्यांसाठी निम्म्याहून अधिक घटू शकते, आणि ही तफावत कुठे निर्माण होते हे पाहायचे असेल, तर दुकानातील गर्दी पाहून भागत नाही. माळ्यावरील आणि गोदामातील न विकलेल्या मालाचा हिशेब करावा लागतो. ‘मागणी मंदावली’ आणि ‘साठा वाढला’ ही दोन वाक्ये बातम्यांमध्ये शेजारी-शेजारी येतात, पण पहिल्यातून दुसरे कसे घडते आणि दुसऱ्यातून पुढे कोणाची रोजी जाते, याचा उलगडा क्वचितच होतो. कोल्हापूरच्या बाजारपेठेच्या आधारे तो करणे सोपे आहे, कारण महाद्वार रोडवरील कापड दुकान, गांधीनगरमधील घाऊक पेढी आणि इचलकरंजीतील यंत्रमाग हे साखळीचे तीनही दुवे इथे एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत.

माल किती महिन्यांचा आहे?

दुकानात माल शिल्लक असणे हे स्वतः वाईट लक्षण नाही. लग्नाच्या बस्त्यासाठी गडहिंग्लजहून किंवा राधानगरीहून आलेल्या कुटुंबाला चार-पाच रंग आणि दोन-तीन पोत दाखवता आले नाहीत, तर ते पुढच्या दुकानाची पायरी चढते. त्यामुळे प्रत्येक व्यापारी विक्रीपेक्षा जास्त माल ठेवतो आणि सणापूर्वी तर मुद्दाम वाढवतो. हा हेतूने भरलेला साठा असतो. चिंतेचा विषय आहे तो हेतूविना वाढलेला साठा, म्हणजे विकला जाईल या अपेक्षेने आणलेला आणि उठाव नसल्याने पडून राहिलेला माल. गोदामात पाहून या दोहोंतील फरक कळत नाही, कारण गठ्ठे दोन्हींचे सारखेच दिसतात. तो कळतो तो साठ्याची विक्रीशी तुलना केल्यावर: सध्याच्या गतीने विक्री होत राहिली, तर हा माल किती दिवस पुरेल?

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कापड दुकानात खरेदीच्या किमतीने २० लाख रुपयांचा माल आहे आणि दर महिन्याला ५ लाखांचा माल विकला जातो. म्हणजे साठा चार महिन्यांचा आहे. आता विक्री वीस टक्क्यांनी घटून ४ लाखांवर आली. दुकानदाराने नव्या मालाची मागणी त्याच दिवशी कमी केली असती, तर प्रश्न बराच सौम्य राहिला असता. पण हंगामाचा माल दोन-तीन महिने आधी नोंदवलेला असतो, दलालाला शब्द दिलेला असतो, आणि पहिले काही आठवडे तरी व्यापारी ‘पाऊस लांबला म्हणून’, ‘पितृपक्ष आहे म्हणून’ अशी समजूत घालून वाट पाहतो. त्यामुळे पुढचे तीन महिने दरमहा ५ लाखांचाच माल येत राहतो आणि साठा २३ लाखांवर जातो. रकमेत ही वाढ केवळ १५ टक्क्यांची दिसते, पण ४ लाखांच्या विक्रीने भागले तर हा माल आता पावणेसहा महिन्यांचा झालेला असतो. चारचे पावणेसहा होणे म्हणजे जवळपास ४४ टक्क्यांची वाढ. विक्री वीस टक्के घटली आणि साठ्याचे ओझे त्याच्या दुपटीहून अधिक वाढले. साठ्याचा आकडा नुसता वाचू नये, विक्रीच्या संदर्भात वाचावा, असे अर्थतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी.

धक्का मागे जाताना मोठा होतो

खरा परिणाम यापुढे सुरू होतो. दुकानदाराला आता पुन्हा चार महिन्यांच्या साठ्यावर यायचे आहे. विक्री ४ लाख असल्यामुळे त्याला २० लाखांचा नव्हे, १६ लाखांचाच माल पुरेसा आहे, म्हणजे ७ लाखांचा माल जास्तीचा आहे. तो तीन महिन्यांत कमी करायचा ठरवला, तर त्या काळात १२ लाखांची विक्री होईल आणि नवी खरेदी मात्र फक्त ५ लाखांची करावी लागेल. महिन्याला साधारण १ लाख ६७ हजार. जो दुकानदार दरमहा ५ लाखांचा माल उचलत होता, त्याने आता त्याच्या एक तृतीयांश माल मागवला. ग्राहकाकडून आलेला वीस टक्क्यांचा धक्का गांधीनगरच्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत पोहोचताना ६७ टक्क्यांचा झाला.

घाऊक व्यापारीही साठा बाळगून असतोच. त्याच्याकडे माल घेणारे कोल्हापूर शहरातलेच नसतात. कोकणातून, सांगली भागातून, निपाणी-बेळगावकडून किरकोळ दुकानदार तिथे येतात. त्या सर्वांनी एकाच काळात हात आखडता घेतला, तर त्याच्या दृष्टीने मागणी जवळपास कोसळलेली असते. तोही हाच हिशेब करतो आणि आपल्या मागच्या दुव्याला, म्हणजे इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याला, ‘दोन महिने काही पाठवू नका’ असे सांगतो. त्या निरोपाचा अर्थ यंत्रमागावर एक पाळी बंद होणे, किंवा कधी दोन्ही पाळ्या बंद होणे, असा निघतो. त्याच्याही मागे सायझिंग, म्हणजे विणण्यापूर्वी सुताला खळ देणारा कारखाना, आणि सूतगिरणी आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जे फॉरेस्टर या अभियंत्याने १९६० च्या सुमारास कारखाना, घाऊक विक्रेता आणि किरकोळ विक्रेता यांच्यातील मागण्यांची ही साखळी गणिताने मांडून दाखवली, आणि पुढे या परिणामाला आसुडाच्या फटक्याचे नाव मिळाले. आसुडाची मूठ हातात जेमतेम वीतभर हलते, पण टोक मात्र हातभर झेप घेते. या साखळीत कोणी मूर्खपणा केलेला नसतो, कोणी फसवलेलेही नसते. प्रत्येक जण आपल्यापुढे आलेल्या मागणीकडे पाहून शहाणपणानेच वागतो. मात्र मूळ ग्राहक त्यातील फार थोड्यांना दिसतो. मला या विषयातील ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे कारखान्यातील कपातीचा दोष कधी मालकाच्या लोभावर आणि कधी कामगाराच्या आळसावर ढकलला जातो, आणि मधल्या साठ्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

घरातला खर्च कोणत्या क्रमाने आटतो?

खर्च घटला म्हणजे सर्व वस्तूंचा खर्च सारखा घटला, असे होत नाही. तेल, मीठ, शाळेची फी, औषधे आणि कर्जाचे हप्ते यांना हात लावणे कुटुंबाला शक्य नसते. पुढे ढकलता येतात ते नवे कपडे, चपला, मोबाईल, कपाट, सोफा आणि दुचाकी. त्यामुळे उत्पन्नात किंवा महागाईत झालेल्या थोड्याशा बदलाचा पूर्ण भार या मोजक्या वस्तूंवर पडतो, आणि न विकलेला माल याच दुकानांत सर्वाधिक दिसतो.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भारतात ६,९९६ रुपये होता. त्यातील अन्नावरील वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरात सुमारे ४० टक्के होता. आता ग्रामीण माणसाचा हिशेब मांडून पाहू. ४,१२२ रुपयांपैकी साधारण १,९४० रुपये अन्नावर जातात. अन्न दहा टक्क्यांनी महागले आणि उत्पन्न तेवढेच राहिले, तर सुमारे १९० रुपये जास्त लागतात, आणि ते उरलेल्या २,१८० रुपयांतूनच काढावे लागतात. त्यातही प्रवास, औषध, शिक्षण, वीज आणि मोबाईलचे रिचार्ज टळत नाहीत, म्हणून ही रक्कम प्रामुख्याने कपडे आणि टिकाऊ वस्तूंच्या वाट्यातून निघते. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील किरकोळ महागाई ६.२१ टक्के आणि अन्नधान्य-भाजीपाल्याची महागाई १०.८७ टक्के होती. तो दसरा-दिवाळीचा काळ होता. भाजी महागल्याचा फटका कापड दुकानाला बसतो, हे विचित्र वाटले तरी त्यामागचा मार्ग इतका सरळ आहे.

दुसरे कारण कर्जाचे आहे. २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत खाली आली होती, आणि ही गेल्या अनेक दशकांतील नीचांकी पातळी होती. बचत घटण्यामागे कर्जाची वाढ हे एक मोठे कारण होते. हप्त्यावर घेतलेला मोबाईल किंवा फ्रिज म्हणजे पुढच्या वर्षीची खरेदी यंदा करणे होय; त्यामुळे यंदाची विक्री फुगते आणि पुढच्या वर्षी त्याच घरातून हप्ता जात राहिल्याने नव्या खरेदीला जागा उरत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण ग्राहककर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल राखायला लावले, तेव्हा अशी कर्जे मिळणेही काहीसे अवघड झाले. ज्या दुकानदाराने हप्त्यावरची तेजी कायमची समजून माल भरला होता, त्याचा अंदाज इथे चुकला.

कोल्हापूरपुरते आणखी एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे, ते म्हणजे इथल्या उत्पन्नाच्या तारखा. जिल्ह्यातील ग्रामीण घरात पैसा महिन्याच्या पहिल्या तारखेला येत नाही. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते आणि त्यातून रोजचा घरखर्च चालतो. दिवाळीपूर्वी दूध संघाकडून फरकाची रक्कम मिळते. औद्योगिक वसाहतींतील कामगारांना त्याच सुमारास बोनस मिळतो. उसाचे पैसे मात्र दिवाळीनंतर येतात, कारण गळीत हंगाम बहुधा ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. म्हणून दिवाळीचा बाजार मुख्यतः दुधाच्या फरकावर आणि बोनसवर उभा असतो, तर लग्नसराईचा बाजार उसाच्या बिलावर उभा असतो. हे दोन वेगळे झरे आहेत आणि एक आटला म्हणून दुसरा आटेलच असे नाही. ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव, देणे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. परंतु बिल एक-दीड महिना लांबले, तर शेतकऱ्याला ते व्याज कधी मिळेल ते मिळो, लग्नाची तारीख तोपर्यंत निघून गेलेली असते. बस्ता आटोपता घेतला जातो किंवा उधारीवर बांधला जातो. बिल नंतर मिळाले तरी न झालेली खरेदी परत होत नाही, आणि त्या तारखेसाठी भरलेला शालू-शेरवानीचा माल पुढच्या मोसमापर्यंत दुकानदाराच्या अंगावर राहतो.

पडून राहिलेला माल काय खातो?

बहुतेक मध्यम दुकानदार बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कॅश क्रेडिटवर व्यवसाय करतात. दरमहा साठ्याचे विवरणपत्र द्यायचे आणि त्यावर बँकेने उचल मर्यादा ठरवायची, अशी ही पद्धत आहे. बँक सामान्यतः साठ्याच्या किमतीतून चौथा हिस्सा दुकानदाराने स्वतः घालायचा म्हणून वजा करते आणि न फेडलेल्या मालाची रक्कमही वगळते. आपल्या उदाहरणातील २३ लाखांच्या मालावर, इतर देणी नाहीत असे धरले, तर सव्वासतरा लाखांपर्यंत उचल मिळू शकते. पण फार जुना झालेला माल बँक या हिशेबात धरत नाही. त्यातील ६ लाखांचा माल जुना ठरला, तर उचल मर्यादा पावणेतेरा लाखांवर येते, म्हणजे विक्री आधीच कमी असताना आणखी साडेचार लाख रुपये बँकेला परत भरण्याची वेळ येते. सेलचे फलक अनेकदा नेमक्या याच क्षणी लागतात. ग्राहकाला ते सणाचे आमिष वाटते. दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर ती रोख रक्कम उभी करण्याची धडपड असते. ७०० रुपयांना घेतलेला आणि १,००० रुपये किंमत लावलेला कपडा तीस टक्के सवलतीने विकला, तर फक्त खरेदीची किंमत वसूल होते. भाडे, पगार, वीज आणि व्याज हे सर्व खिशातून जाते.

माल टाकून देणेही सोपे नसते. जीएसटी कायद्यानुसार माल नष्ट केला, निर्लेखित केला (म्हणजे वहीतून काढून टाकला) किंवा फुकट वाटला, तर त्याच्या खरेदीवरील कराची घेतलेली वजावट परत करावी लागते. शिवाय हिशेबाच्या वहीत नफा दिसत असतो आणि तो नफा रोख रूपात नसून मालाच्या रूपात फळीवर बसलेला असतो. प्राप्तिकर मात्र रोखीनेच भरावा लागतो. वर्षाअखेरीस चांगला नफा दाखवणारा दुकानदार कर भरण्यासाठी कर्ज काढताना दिसतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

सर्व माल सारख्या गतीने जुना होत नाही. कापडाची फॅशन वर्षभरात बदलते, मोबाईलचा भाव नवे मॉडेल येताच उतरतो. पादत्राणांची अडचण वेगळी आहे: एका नमुन्याचे सहा-सात नंबर आणले आणि मधले नंबर विकले गेले, की उरलेले टोकाचे नंबर वर्षानुवर्षे खोक्यात राहतात. कोल्हापुरी चपलेच्या व्यापाऱ्याला पावसाळा हा आणखी एक शत्रू असतो, कारण त्या चार महिन्यांत विक्री घटते आणि दमट हवेत चामड्याला बुरशी धरते. उन्हाळी सुट्ट्यांत पर्यटक आणि अंबाबाईचे भाविक अपेक्षेइतके आले नाहीत, तर उरलेला माल पावसाळ्यात सांभाळावा लागतो. याउलट गुजरीतील सराफाचा साठा विकला गेला नाही तरी त्याचे मोल टिकते, आणि भाव चढत असतील तर वाढतेही. सोन्याचा भाव एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला, एक लाख रुपयांच्या घरात गेला. भाव असे चढतात तेव्हा सराफाची रुपयांतील उलाढाल वाढलेली दिसू शकते, पण ग्राहक कमी वजनाचे दागिने घेतो किंवा जुने मोडून नवे करतो. अशा वेळी उलाढालीचा आकडा सुखावतो आणि घडणावळीवर जगणाऱ्या कारागिराचे काम मात्र कमी झालेले असते. म्हणून कोणत्याही धंद्यात विक्री रुपयांत वाढली की नगांत, मीटरमध्ये, वजनात वाढली, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘विकला’ म्हणजे कोणी घेतला?

साठ्याचा प्रश्न झाकला जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे विक्रीचे आकडे मोजण्याची पद्धत. वाहन उद्योगात हे फार स्पष्ट दिसते. वाहन उत्पादकांची संघटना सियाम कंपन्यांनी विक्रेत्यांकडे पाठवलेल्या गाड्यांची आकडेवारी देते, तर विक्रेत्यांची संघटना फाडा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीतील नोंदणीवरून प्रत्यक्ष ग्राहकाने घेतलेल्या गाड्या मोजते. कंपनीच्या अंगणातून निघालेली गाडी पहिल्या हिशेबात विकली गेलेली असते. दुसऱ्या हिशेबात ती अजून विक्रेत्याच्या आवारात ऊन खात उभी असते. सप्टेंबर २०२४ अखेर फाडाने जाहीर केले, की देशभरातील विक्रेत्यांकडे सुमारे ७ लाख ९० हजार प्रवासी गाड्या, म्हणजे जवळपास ७९,००० कोटी रुपयांचा माल पडून आहे आणि तो ८० ते ८५ दिवसांचा आहे. तीन आठवड्यांचा साठा योग्य, अशी याच संघटनेची भूमिका होती. एवढ्या मालावरचे व्याज कंपनी नव्हे, विक्रेता भरतो.

किराणा आणि प्रसाधनांच्या वितरणातही महिनाअखेरीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी वितरकाच्या गोदामात माल लोटला जातो. तो कंपनीच्या तिमाही निकालात विक्री म्हणून झळकतो आणि वितरक मात्र दुकानदारांकडे ‘निदान पाच पेट्या घ्या’ म्हणून विनवण्या करत फिरतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीतही असाच एक बारकावा आहे. वर्षभरात तयार झालेला पण न विकलेला माल ‘साठ्यातील बदल’ या सदराखाली गुंतवणुकीत धरला जातो. उत्पादन झाले आहे, त्यामुळे ते मोजणे योग्यच आहे. मात्र त्यामुळे मागणी घसरू लागल्यावरही काही काळ एकूण उत्पन्नाचा आकडा टिकून राहू शकतो, आणि नंतर उत्पादक साठा उपसू लागले की तो एकदम खाली येतो. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात कुटुंबांच्या खर्चाचा वाटा साधारण ६० टक्के आहे, तर साठ्यातील बदलाचा वाटा अगदी लहान आहे. तरीही तेजी-मंदीच्या चढउतारात या लहान सदराचा हात त्याच्या आकारापेक्षा कितीतरी मोठा असतो. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांकडून नव्या मागण्या, साठा आणि क्षमतेचा वापर यांची माहिती गोळा करते ती म्हणूनच. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तिमाहीत क्षमतेचा वापर ४७.३ टक्क्यांपर्यंत घसरला होता.

वाहन उद्योगाचा उल्लेख कोल्हापूरसाठी केवळ उदाहरणादाखल नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फौंड्री आणि मशीन शॉप मोठ्या प्रमाणात वाहनांचे सुटे भाग बनवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील कारची विक्री, म्हणजे कंपन्यांनी विक्रेत्यांकडे केलेली रवानगी, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा ४१ टक्क्यांनी घटली. ग्राहकांची खरेदी घटली होतीच, परंतु रवानगी इतकी कोसळण्यामागे विक्रेत्यांकडे साचलेल्या गाड्या हे एक कारण होते. आधी त्या संपवायच्या म्हणून कंपन्यांनी पुढची रवानगी आणि उत्पादन रोखले, काहींनी कारखाने ठरावीक दिवस बंद ठेवले. तोच ऑगस्ट कोल्हापूरच्या महापुराचा होता. इथल्या लहान कारखानदाराला पाणी ओसरल्यावर यंत्रे पुसून सुरू करायची होती आणि त्याच वेळी वाहन कंपन्यांकडून येणारे मागण्यांचे शेड्यूल आखडले होते.

दूरच्या दुकानांचे जवळचे परिणाम

महासाथीच्या काळात अमेरिकेतील लोक घरात अडकले आणि त्यांनी दूरचित्रवाणी संच, फर्निचर, चादरी, टॉवेल यांची प्रचंड खरेदी केली. माल वेळेवर मिळेना, म्हणून मोठ्या साखळी दुकानांनी वाढीव मागण्या नोंदवल्या. तो माल पोहोचेपर्यंत २०२२ साल उजाडले, लोक प्रवासाला बाहेर पडले, अन्न आणि इंधन महागले, आणि घरगुती वस्तूंचा उठाव संपला. टार्गेट या साखळीचा साठा २०२२ च्या पहिल्या तिमाहीत वर्षभरापूर्वीपेक्षा ४३ टक्क्यांनी, तर वॉलमार्टचा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेला होता. मे महिन्यात हे निकाल जाहीर झाले तेव्हा टार्गेटच्या समभागाचा भाव एका दिवसात जवळपास पंचवीस टक्क्यांनी पडला. जूनमध्ये कंपनीने सवलती वाढवण्याचा आणि पुरवठादारांच्या मागण्या रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या रद्द झालेल्या मागण्यांचा परिणाम भारतातील चादरी-टॉवेलच्या निर्यातदारांपर्यंत आला. परदेशी दुकानातील फळी भरलेली असेल, तर इथला माग थांबतो.

भाव उतरणार असे ग्राहकाला कळले तरी साठा वाढतो, आणि याचे ताजे उदाहरण २०२५ चे आहे. जीएसटीचे दर कमी होणार, ही घोषणा १५ ऑगस्टला झाली, परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरला झाला आणि नवे दर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाले. लहान कार, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकी, एसी आणि मोठे दूरचित्रवाणी संच यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एक हजार ते अडीच हजार रुपयांच्या कपड्यांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला. ग्राहकांनी थांबणे पसंत केले, आणि ते अगदी योग्यच होते. पण मधल्या पाच आठवड्यांत गणेशोत्सव येऊन गेला, नवरात्रासाठी भरलेला माल विक्रेत्यांकडे साचत गेला आणि त्यावरचे व्याज त्यांनी भरले. पुढे उठाव आला तेव्हा त्यात थांबून राहिलेली खरेदी किती आणि खरोखरची नवी खरेदी किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या हंगामाचे मूल्यमापन करता येत नाही. ज्यांनी नवरात्रातली गर्दी पुढेही टिकेल असे धरून माल भरला, त्यांच्यासाठी हा फरक फार महागडा ठरू शकतो.

ओझे कोणाकडे सरकते?

साठा वाढल्यावर प्रत्येक दुवा तो मागे ढकलण्याचा प्रयत्न करतो. मोठी साखळी दुकाने पुरवठादाराला माल परत करू शकतात किंवा सवलतीचा काही भाग त्याच्या माथी मारू शकतात. मध्यम दुकानदाराला परतीची सोय नसते, म्हणून तो पैसे देणे लांबवतो. घाऊक व्यापारी इचलकरंजीचे देणे थकवतो. साखळीच्या शेवटी खर्चीवाला यंत्रमागधारक असतो, जो व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. त्याच्याकडे स्वतःचा साठा नसतो, त्यामुळे त्याला नुकसान होत नाही असे कोणी म्हणेल. पण त्याचे नुकसान न मिळालेल्या कामाच्या रूपात होते, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कामगाराचे न भरलेल्या पाळीच्या रूपात. वीजबिलाचा स्थिर आकार माग बंद असला तरी येतोच.

कायद्याने इथे एक आधार दिलेला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यातही अशी तरतूद आली, की या मुदतीनंतर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मागता येत नाही. हेतू रास्त आहे आणि माझा त्याला पाठिंबा आहे. मात्र ज्या व्यापाऱ्याचा माल पावणेसहा महिने विकला जात नाही, त्याला ४५ दिवसांत पैसे द्यायला लावले, तर तो एकतर बँकेचे कर्ज वाढवतो किंवा लहान उत्पादकाकडून घेणेच कमी करतो. म्हणून देण्याची मुदत आणि माल फिरण्याचा वेग या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. थोडा माल वारंवार मागवणे, मोसमाचा सर्व माल एकदम न उचलता निम्मा आधी आणि निम्मा पहिल्या दोन आठवड्यांची विक्री पाहून घेणे, आणि नव्वद दिवसांपेक्षा जुन्या मालाची वेगळी यादी दर महिन्याला काढणे, या गोष्टी महाद्वार रोडवरच्या कोणत्याही जुन्या पेढीला नव्या नाहीत. बिलिंगचे सॉफ्टवेअर आता लहान दुकानातही असल्यामुळे त्या करणे पूर्वीपेक्षा सोपे मात्र झाले आहे. गांधीनगर आणि इचलकरंजी इतके जवळ असताना कोल्हापूरच्या दुकानदाराने सहा महिन्यांचा माल एकदम भरून ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि दूरच्या जिल्ह्यांतील दुकानदारांना ही सोय नाही.

साठा उपसून झाल्यावर

आपल्या उदाहरणातील दुकानाकडे आणखी एकदा पाहावे लागेल, कारण हिशेब अर्धाच झाला आहे. तीन महिन्यांनी जास्तीचा माल संपतो आणि साठा १६ लाखांवर येतो. आता ग्राहकांची खरेदी जराही वाढली नाही, ती ४ लाखांवरच राहिली, तरी दुकानदाराला दरमहा ४ लाखांचा माल मागवावाच लागतो. त्याची मागणी १ लाख ६७ हजारांवरून एकदम ४ लाखांवर जाते, म्हणजे जवळपास अडीचपट होते. घाऊक व्यापाऱ्याला बाजार उसळल्यासारखा वाटतो, त्याचा स्वतःचा साठा तोवर संपलेला असतो, तो सर्वांना एकाच वेळी फोन करतो, सुताचे भाव चढतात, आणि माल मिळणार नाही या भीतीने दुकानदार गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवतो. त्या वाढीव मागणीत पुढच्या साठ्याचे बीज असते.

दरम्यान इचलकरंजीत पाळी बंद झाल्यावर उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशाकडचे कामगार गावी गेलेले असतात. दुकानदाराचा फोन एका दिवसात येतो. कामगार परतायला आणि बंद मागांवर पुन्हा माणूस उभा राहायला आठवडे लागतात. तेवढ्या काळात दुकानदाराला ‘माल नाही’ हे उत्तर मिळते आणि ज्याने तीन महिने हात आखडता घेतला होता, तोच आता दोन ठिकाणी मागणी नोंदवून ठेवतो.